डाव्या कानावरच्या चाळीस फेऱ्या

अकरा वर्षं ताईचा आवाज ऐकणं हीच माझी नोकरी होती.

ताई माझी कुणी लागत नव्हती. आमच्या लॅबमध्ये सगळेच तिला ताई म्हणायचे, तिच्यापेक्षा वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा. मी तिथे लागलो तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. उंच, किंचित पोक काढून चालणारी, आणि पायांत कायम रबरी तळाचे बूट. बुटांची जोडी तिला वर्षभरसुद्धा पुरायची नाही, कारण ती दिवसभर चालायची. ती चालायची आणि मी ऐकायचो.

काम काय होतं ते सांगतो. मोठ्या हॉस्पिटलांत, गोदामांत, कारखान्यांत माणसं कमरेला एक जाडजूड फोन लावून फिरतात. तो मोबाइल नव्हे. तो फक्त त्या इमारतीच्या वायफायवर चालतो, आणि त्यासाठी छताला ठरावीक अंतरावर पांढरे डबे लावलेले असतात. माणूस बोलत बोलत चालू लागला की फोनने मागच्या डब्याचा हात सोडायचा आणि पुढच्याचा धरायचा, तोही असा की बोलणाऱ्याला पत्ता लागू नये. फोन एका कंपनीचा, डबे दुसऱ्या कंपनीचे. या दोघांचं जमतं की नाही हे तपासून दाखला देणं हा आमचा धंदा. दोघांपैकी एकाने जरी आतलं सॉफ्टवेअर बदललं की जुना दाखला रद्द, आणि वर्षातून तीन-चार वेळा दोघेही बदलायचेच. त्यामुळे एखादं काम संपलं असं कधी व्हायचंच नाही. एक जोडी यादीतून बाहेर पडायची, तोवर मागच्या दाराने तीन आत यायच्या.

चाचणी तळघरात व्हायची. लांबलचक बोळ, छताला चार डबे, तिसऱ्या डब्यानंतर एक काटकोनी वळण, आणि जमिनीवर पिवळी रेघ. या टोकापासून त्या टोकापर्यंत ताईची बासष्ट पावलं व्हायची. जाऊन आलं की एक फेरी. एका जोडीला चाळीस फेऱ्या. मी वरच्या मजल्यावर, भिंतींना जाड फोम चिकटवलेल्या एका खोलीत हेडफोन लावून बसायचो. आवाज कुठे तुटला की वेळ बघायचो आणि कोणता शब्द गिळला गेला ते लिहायचो.

सुरुवातीला काय बोलायचं ते छापील कागदावर असायचं. एक ते शंभर आकडे आणि एक बिनअर्थाचा उतारा. दुसऱ्या वर्षी ताईने तो कागद बाजूला ठेवला. "हे ऐकून तुला झोप येते आणि बोलून मला," ती म्हणाली. तेव्हापासून ती तोंडाला येईल ते बोलायची. शेजारणीचं भांडण, पाण्याची बंद पडलेली मोटर, डॉक्टरांनी बदललेलं औषध. हे सगळं रेकॉर्ड व्हायचं आणि निकालाबरोबर दोन्ही कंपन्यांकडे जायचं, कारण आवाज किती तुटला याचं माप त्यातूनच काढत. एकदा डबेवाल्या कंपनीचा इंजिनिअर भेटीला आला आणि चहा घेता घेता त्याने ताईला विचारलं, "मग, मोटर दुरुस्त झाली का तुमची?"

एकदा ती म्हणाली, "काल संध्याकाळी आण्णा…" आणि आवाज गेला. मग एकदम, "…गेले, मला बाई सुटल्यासारखं झालं."

आण्णा म्हणजे तिचे वडील. मी हेडफोन टाकला आणि जिना उतरून धावलो. ताई वळणावर उभी.

"काय रे, काय झालं?"

"आण्णा गेले?"

"न भांडता झोपायला गेले! तीन शब्द गिळलेत, लिही."

घरी ती आणि आण्णा, दोघंच. आण्णा टेलिफोन खात्यातले लाइनमन. तीस वर्षं खांबांवर चढले, आणि शेवटी गुडघ्यांनी त्याचा वचपा काढला. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. मी आण्णांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा ते दोन वर्षं खाली उतरले नव्हते. दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि जिन्यात कुणाचंही पाऊल वाजलं की हाक मारायचे. ताईच्या कामावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "तारेतून गेलेला शब्द तारेतच राहतो," ते मला म्हणाले, "हिचा शब्द वाऱ्यावर. तो पोचला काय आणि न पोचला काय!"

"आणि तुमच्या तारांवर निम्मे कावळे बसायचे," ताई आतून ओरडली.

मी लागल्यापासून चौथ्या वर्षी त्याच डबेवाल्या कंपनीने ताईला बोलावलं. मोठं ऑफिस, हाताखाली माणसं, चालायचं काम नाही. पण ते दुसऱ्या शहरात, सात तासांच्या अंतरावर. तिने पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. आण्णा म्हणाले, "जा की, माझं काय." आणि त्यानंतर दोन दिवस ते दाराशी आले नाहीत. कुणाच्या पावलाला हाक नाही, काही नाही. तिसऱ्या दिवशी ताई तळघरात चालत होती. वळणावर, जिथे सगळे फोन अडखळायचे नेमकं तिथेच, ती म्हणाली, "मी त्यांना नाही म्हणून कळवलं." त्या फेरीत एकही शब्द गिळला गेला नाही.

नंतर तिने दुसरीकडे प्रयत्न केले नाहीत असं नाही. पण तिला जे येत होतं ते जगात फार थोड्या ठिकाणी लागायचं, आणि आमच्या शहरात तर फक्त त्या तळघरात. "मुलाखतीत काय सांगू?" ती म्हणायची. "की मला बासष्ट पावलं न चुकता चालता येतात?"

माझ्या नवव्या वर्षी ती जोडी आली. नवा फोन, नवे डबे. एका मोठ्या हॉस्पिटलला दोन्ही एकदमच बसवायचे होते, आणि वॉर्ड सुरू व्हायची तारीखही ठरलेली होती. पहिल्या दिवशीच्या चाळीस फेऱ्यांत सात वेळा माशी शिंकली. जाताना नाही, फक्त परतताना, वळणावर. फोन जुन्या डब्याला चिकटून बसायचा, आणि शेवटी सोडलाच तर नव्या डब्याशी पहिल्यापासून ओळख करून घ्यायचा. त्यात चार-चार सेकंद जायचे. चार सेकंद म्हणजे एक अख्खं वाक्य.

फोनवाले म्हणाले, डब्यांचा दोष. डबेवाले म्हणाले, फोनचा. दोन्हींकडून साहेबांना दर तासाला फोन. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याचा पार लगदा झाला होता. तो तळघरात येऊन ताईची फेरी बघत उभा राहिला.

"ताई, तू फोन कायम डाव्या कानाला धरतेस?"

"उजव्या हातात वही असते."

"परतताना डाव्या बाजूला तुझं डोकं मध्ये येतं. डबा उजवीकडे आहे. उजव्या कानाला धरून बघ बरं."

ताईने उजव्या कानाला धरून बघितलं. चाळीसपैकी चाळीस फेऱ्या स्वच्छ.

"कोणत्या कानाला धरायचा हे आपल्या नियमांत कुठे लिहिलंय?" साहेबांनी विचारलं.

कुठेच लिहिलेलं नव्हतं. ताईने ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एकावर तेहतीस, दुसऱ्यावर चाळीस. साहेब म्हणाले, "हे बघ, तू सही नाही केलीस तर ते दुसऱ्या लॅबकडे जातील, आणि तिथे फेऱ्यासुद्धा कुणी चालणार नाही." हे खरं होतं. इकडे आड, तिकडे विहीर. ताईने दुसऱ्या कागदावर सही केली. तिच्याखाली ऐकणाऱ्याची म्हणून माझी सही लागायची. मीही केली. तिने माझ्याकडे बघितलं नाही आणि मी तिच्याकडे.

पाच महिन्यांनी हॉस्पिटलची तक्रार आली. पत्रात फक्त एवढंच होतं की फोन 'कधीकधी मध्येच मुका होतो'. साहेबांनी ताईला आणि मला पाठवलं. एका सकाळी आम्ही त्या वॉर्डात शिरलो. लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, शेवटी काटकोनी वळण. आमचंच तळघर कुणीतरी वर उचलून आणून रंगवावं तसं. फक्त जमिनीवर पिवळी रेघ नव्हती, तर पांढऱ्या चिकटपट्टीच्या फुल्या होत्या. दर काही पावलांवर एक.

"हे काय आहे?" ताईने विचारलं.

वॉर्डाची मुख्य सिस्टर पन्नाशीची, ठेंगणी, भराभर बोलणारी बाई होती. "या उभं राहायच्या जागा," ती म्हणाली. "फुलीवर थांबलं की नीट ऐकू येतं. चालताना बोलायचं नाही, हे नव्या मुलींना आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो."

"आणि घाई असली तर?"

"घाई असली तर पळत फुलीवर जायचं आणि थांबायचं."

सिस्टरने आवाज खाली आणला. तीन आठवड्यांपूर्वी एका नर्सने डॉक्टरांना विचारलं होतं, अमुक नंबरच्या आजोबांना झोपेचं औषध किती द्यायचं. ती चालत होती. तिला ऐकू आलं, "गोळी द्या." डॉक्टर म्हणाले होते, "त्यांचं वय बघता आज रात्री अर्धीच गोळी द्या." आजोबांची तब्येत आधीच नाजूक. दीड दिवस डोळे उघडले नाहीत. "उघडले शेवटी," सिस्टर म्हणाली. "पण ती मुलगी परत आली नाही. चांगली होती हो. तिला वाटलं, आपणच नीट ऐकलं नाही."

ताईने विचारलं, "ती फोन कोणत्या कानाला धरायची?"

"कोणत्या म्हणजे? डाव्याच. उजव्या हातात पेन, नाहीतर ट्रे. आम्ही सगळ्याच डाव्या कानाला धरतो." सिस्टरने आपला फोन काढून डाव्या कानाला लावून दाखवला. "तुम्ही नाही धरत?"

परतीच्या वाटेवर आम्ही बसमध्ये शेजारी बसलो होतो. मला तिच्या श्वासावरून तिचा मूड कळायचा, नऊ वर्षांत तेवढं शिकलो होतो. त्या दिवशी ती जिना चढत असल्यासारखी श्वास घेत होती, बसल्या जागी.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आमचं ऐकून घेतलं आणि दोन्ही हातांनी कपाळ धरलं. मग म्हणाले, "पुन्हा चाचणी करा. उजव्या कानावर. चाळीस फेऱ्या स्वच्छ येतील. आपला दाखला बरोबर होता हे दिसेल. बाकी डबे बसवणाऱ्यांनी कुठे बसवले, ते त्यांचं ते बघतील."

"आजोबांचं काय?"

"ते बरे झाले ना?"

"आणि ती मुलगी?"

"ताई, सही तुझी आहे. तू जर लिहिलंस की चाचणी चुकीची होती, तर पहिली तू बुडशील, मग हा, मग मी. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

त्या दुपारी ताई घरी गेली तेव्हा मी तिला औषधं पोचवायच्या निमित्ताने मागून गेलो. आण्णांनी जिन्यातच हाक मारली. आत ताई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, बूटसुद्धा काढले नव्हते.

"नोकरी सोडून दे," मी म्हटलं.

"आणि?" तिने दाराशी बसलेल्या आण्णांकडे मान केली. "सोडायचं म्हटलं तर जायला जागा लागते. मला ना इथून उठता येतं, ना त्या बोळातून. मी तर फुलीवरसुद्धा उभी नाही, मी मधल्या पट्ट्यातच आहे." मग नळ सोडला आणि हातावर पाणी घेत म्हणाली, "उद्या नऊ वाजता हेडफोन लावून बस. लवकर ये."

मी साडेआठलाच बसलो. नऊ वाजता तिचा आवाज आला.

"आजची चाचणी डाव्या कानावर आहे. पाच महिन्यांपूर्वी ती मी मुद्दाम उजव्या कानावर केली होती. डाव्या कानावर चाळीसपैकी सात फेऱ्या नापास होत्या. तो कागद मी बाजूला ठेवला. हॉस्पिटलात नर्स डाव्या कानाला फोन धरतात, कारण त्यांच्या उजव्या हातात काम असतं. हे मला कळायला हवं होतं, कारण माझ्याही उजव्या हातात वही असते. एका आजोबांना दुप्पट औषध दिलं गेलं. त्यात नर्सची चूक नाही. तिच्या कानापर्यंत शब्द पोचला नाही. दाखला माझा होता."

बासष्ट पावलांत तेवढं बसत होतं. परतताना तिने तेच पुन्हा सांगितलं. दुसऱ्या फेरीत तेच. तिसऱ्या फेरीत वळणावर आवाज गेला, "नर्सची चूक…" आणि मग "…माझा होता." मी वेळ लिहिली आणि गिळलेलं वाक्य लिहिलं. मला ते पाठ झालं होतं.

चाळीस फेऱ्या ती तेच बोलत राहिली, त्याच चालीने. मध्ये पाणी प्यायला थांबली तेव्हा घोट गिळल्याचा आवाजसुद्धा आला. अकरा फेऱ्यांत आवाज तुटला. पण बाकीच्या फेऱ्या स्वच्छ होत्या, त्यामुळे चाळिसांत मिळून तिचं एकही वाक्य सुटलं नाही. आणि हे सगळं रेकॉर्डमध्ये होतं. नियम असा की रेकॉर्ड निकालाबरोबर दोन्ही कंपन्यांकडे जाणार, आणि त्यातलं एक मिनिट जरी कापलं तरी अख्खी चाचणी बाद. साहेबांनीच तो नियम कधीतरी लिहिला होता.

ताई वर आली आणि माझ्या टेबलावर कागद ठेवला. तिची सही झाली होती.

"काय ऐकलंस?"

"सगळं."

"मग कर सही."

मी पेन हातात घेतलं आणि टोपण लावून पुन्हा खाली ठेवलं. तेव्हा माझी मुलगी चार महिन्यांची होती. ताईने घाई केली नाही. ती समोरच्या स्टुलावर बसली, बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. तासभर आम्ही दोघं त्या फोमच्या खोलीत बसलो होतो. तिथे इतकी शांतता असते की स्वतःच्या पोटातला आवाज ऐकू येतो. शेवटी मी सही केली. मोठ्या धैर्याने केली असं म्हणणार नाही. ती समोरून उठत नव्हती म्हणून केली.

साहेबांनी रेकॉर्ड ऐकलं, खोलीचं दार लावून घेतलं, आणि संध्याकाळी निकालाचं पाकीट रेकॉर्डसकट जसंच्या तसं पाठवून दिलं. का पाठवलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मग जे झालं ते आम्हाला वाटलं तसं झालं नाही. कुणाची नोकरी गेली नाही. हॉस्पिटलने फोन काढून घेतले आणि दुरुस्ती होईपर्यंत जुने तारेचे फोन पुन्हा जोडले. आण्णांना हे कळलं तेव्हा ते आठवडाभर खूश होते. फोनवाल्यांनी दीड महिन्यात सॉफ्टवेअर सुधारून दिलं. त्या नर्सला ताईने पत्र लिहिलं, सिस्टरच्या हाती पोचवलं. तिने परत उत्तर दिलं नाही, पण सिस्टर म्हणाली, दुसऱ्या एका हॉस्पिटलात ती लागली आहे.

आणि लॅबचा नियम बदलला: यापुढे प्रत्येक चाचणी दोन्ही कानांवर. म्हणजे चाळिसाच्या ऐंशी फेऱ्या. शिवाय आधीच्या चार वर्षांत दाखला दिलेल्या सगळ्या जोड्या डाव्या कानावर पुन्हा तपासायच्या. त्या करणार कोण, तर जिला त्या बोळाची सवय आहे ती. ताईची ठरलेली बढती थांबली आणि कामाची यादी भिंतीवर मावेनाशी झाली. खरं बोलायची शिक्षा म्हणून कुणी ते केलं नव्हतं. साहेबांनी तर हात जोडून सांगितलं, "तुझ्याशिवाय हे कुणाकडून होणार नाही." त्यापेक्षा हाकलून दिलं असतं तर बरं, असं ताई मला एका फेरीत म्हणाली. ते वाक्यही रेकॉर्डमध्ये गेलं.

दोन वर्षांनी मला दुसरी नोकरी मिळाली. मी निघालो तेव्हा यादीतल्या दोनशे दहा जोड्या बाकी होत्या.

गेल्या महिन्यात मी लॅबमध्ये गेलो. तळघरात आता माणूस चालत नाही. रुळांवरून एक गाडी जाते आणि तिच्यावर कानासकट बनवलेलं प्लॅस्टिकचं डोकं असतं. ते दोन्ही कानांना फोन लावून दिवसभर येत-जात राहतं. ताई माझ्या जुन्या खोलीत, माझ्या जुन्या खुर्चीत, हेडफोन गळ्यात घालून बसली होती. केस बरेच पांढरे झालेत. गुडघे दुखायला लागले म्हणून साहेबांनीच तिला वर बसवलं. मी म्हटलं, "चला, चालणं तरी सुटलं."

"चालताना निदान बोलता तरी यायचं," ती म्हणाली. "ते डोकं फक्त आकडे म्हणतं."

आण्णा अजून दाराशी बसून हाका मारतात, असं तिने सांगितलं. तिने राजीनामा दोनदा टाइप करून ठेवला आहे, हेही तिनेच सांगितलं. साहेब निवृत्त झाले की देईन म्हणते. साहेबांना मुदतवाढ मिळाली आहे.

जेवणाच्या सुट्टीची वीस मिनिटं होती. त्यात तिने माझ्या मुलीचं सगळं विचारून घेतलं. मग डबा झाकता झाकता म्हणाली, "तुझ्या नव्या ऑफिसात खिडकी आहे का रे?"

"आहे की."

"काय दिसतं?"

"काही विशेष नाही. गाड्या लावायची जागा, एक झाड, पलीकडे भिंत."

"झाड कसलं?"

मला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "पानं कशी आहेत ते सांग." मी आठवून आठवून सांगितलं. लहान, गोलसर, एका बाजूला फांदी तुटलेली. भिंतीवर काय आहे, ऊन कधी येतं, एक निळी गाडी रोज तिरकी लागते म्हटल्यावर ती लावणारा कोण, हे सगळं तिने विचारलं आणि मी सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती, कामाला बसल्यासारखी. मग भिंतीवर पुढची फेरी सुरू झाल्याचा लाल दिवा लागला. तिने हेडफोन कानाला लावला आणि वही ओढली.